हॅरोच्या एका परसबागेतील बहुवर्षायू जिरेनियम: रोपे का गेली आणि कोठे रुजली

उत्तर-पश्चिम लंडनमधील हॅरो या उपनगरात, दोन महायुद्धांच्या दरम्यान रेल्वेच्या कडेने जी असंख्य जोडघरे उभी राहिली, त्यांपैकी एका घराच्या मागे ही बाग आहे. बाग अरुंद आणि लांब असून घराकडून दक्षिणेकडे उतरत जाते. जमीन लंडनच्या परिसरात सर्वत्र आढळते ती चिकणमाती, म्हणजे पावसाळी हिवाळ्यात पायाला चिकटणारी आणि कोरड्या उन्हाळ्यात बोटभर रुंदीच्या भेगा पडणारी. पश्चिमेच्या कुंपणालगत एक सलग वाफा आहे आणि त्याच्या साधारण मध्यावर एक जुना रुपेरी बर्च उभा आहे. बागेच्या मालकीणबाई मूळच्या पुण्याच्या. त्यांना या लेखात काकू म्हणू, कारण आमच्या परिचयातील सगळेच त्यांना तसे म्हणतात.

मे २०२१ मध्ये काकूंनी जवळच्या एका रोपविक्री केंद्रातून बहुवर्षायू जिरेनियमच्या सहा प्रकारांची प्रत्येकी तीन रोपे आणली आणि फुलांच्या रंगांची संगती लावून या वाफ्यात एका ओळीत, सारख्या अंतरावर लावली. मार्च २०२३ मध्ये त्यांनी मला बोलावले, तेव्हा ओळीचा निम्म्याहून अधिक भाग रिकामा दिसत होता. त्यांचे निदान ठरलेले होते: रोपे थंडीने गेली, "टिकाऊ" म्हणून विकलेली ही जात प्रत्यक्षात टिकाऊ नाही, आणि सगळे उपटून तेथे दुसरे काही लावावे. हे निदान तपासण्याजोगे होते, कारण या गटातील बहुतेक जाती उणे वीस अंशांच्या आसपासची थंडी जमिनीखाली सुप्तावस्थेत सहज काढतात आणि लंडनमध्ये तशी थंडी पडतच नाही. थंडीने ही रोपे मरायला नको होती. मग ती कशाने गेली, हा या प्रकरणाचा मुख्य प्रश्न आहे.

थंडीचा संशय कोठून आला

काकूंच्या निदानामागे एक खरा अनुभव होता. घराजवळच्या फरसबंदीवर त्यांनी लाल फुलांच्या जिरेनियमच्या कुंड्या ठेवल्या होत्या. पुण्याच्या गच्चीवर त्यांनी वर्षानुवर्षे वाढवलेले हेच ते झाड: जाडसर देठ, गोल पानावर गडद कडे, वर फुलांचा झुबका. डिसेंबर २०२२ च्या दुसऱ्या आठवड्यात लंडनमध्ये कडाक्याची थंडी पडली, बर्फही साचला, आणि त्या कुंड्यांतील सगळी झाडे काळी पडून लिबलिबीत झाली. त्याच सुमारास वाफ्यातील ओळही उजाड दिसू लागली. दोन्ही झाडांच्या पाट्यांवर "जिरेनियम" असेच लिहिलेले असल्यामुळे दोन्हींचे मरण एकाच कारणाने आले, असा निष्कर्ष काढणे स्वाभाविक होते.

प्रत्यक्षात कुंडीतले ते झाड वनस्पतिशास्त्रानुसार पेलार्गोनियम आहे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए याने १७८९ मध्येच पेलार्गोनियम हा गट जिरेनियमपासून वेगळा केला; तरीही बाजारात जुने नाव आजतागायत चालू राहिले. पेलार्गोनियमच्या बहुतेक जाती दक्षिण आफ्रिकेच्या आहेत. त्यांना कोरडी, सौम्य हवा मानवते आणि गोठण त्यांना सोसत नाही. महाराष्ट्रात अलीकडे सुगंधी तेलासाठी ज्या जिरेनियमची शेती केली जाते, तेही पेलार्गोनियमच. खऱ्या जिरेनियमच्या जाती मात्र युरोपच्या कुरणांपासून कॉकेशसपर्यंत आणि हिमालयापर्यंत पसरलेल्या आहेत. आपल्याकडचे जे ट्रेकर जुलै-ऑगस्टमध्ये उत्तराखंडातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जातात, त्यांनी निळसर-जांभळी, पाच पाकळ्यांची, पांढुरक्या मध्याची वॉलिचियानम जातीची फुले वाटेच्या कडेला पाहिलेली असतात. तेथे हिवाळ्यात कित्येक महिने बर्फ असते आणि त्याखाली हे झाड सुखरूप राहते. तेव्हा कुंड्यांतील मरण गोठणाने झाले हे खरे असले तरी त्यावरून वाफ्यातल्या मरणाचे कारण ठरवता येत नव्हते. दोन्ही घटना केवळ एकाच ऋतूत दिसल्या होत्या.

जागेची पाहणी

वाफ्याकडे पाहताना प्रथम हे लक्षात आले की ती एक जागा नसून तीन वेगळ्या जागा होत्या. घराजवळचा भाग किंचित उंच होता आणि मातीखाली विटांचे तुकडे व चुन्याचा राडारोडा होता, कारण पूर्वी तेथे एक जुनी खोली पाडलेली होती. दक्षिणेकडे तोंड असल्यामुळे या भागावर दिवसभर ऊन येते. मधला भाग बर्चच्या छायेत होता. बर्चची मुळे उथळ आणि दाट असतात. ती वरच्या थरातले पाणी शोषून घेतात आणि हलका पाऊस पानांवरच अडतो, म्हणून तेथे सावली असूनही माती कोरडी राहते. शेवटचा भाग उतारावर सर्वांत खाली, उघड्यावर होता. तेथे ऊन भरपूर, पण वरच्या बागेतले सगळे पाणी हिवाळ्यात येऊन साचत असे.

निचरा तपासण्याची साधी रीत म्हणजे हातभर खोल खड्डा करून तो पाण्याने भरणे आणि पाणी किती वेळात जिरते ते पाहणे. घराजवळ ते दोन तासांच्या आत दिसेनासे झाले. तळाच्या टोकाला दुसऱ्या दिवशी सकाळीही खड्ड्यात पाणी होते.

उन्हाबद्दल येथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाची सावलीची कल्पना लंडनमध्ये फसते. पुण्यात उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि झाडाची सावली त्याच्या बुंध्याशी गोळा होते. लंडनमध्ये जूनच्या मध्यान्हीलाही सूर्य क्षितिजापासून सुमारे ६२ अंशांवर राहतो आणि डिसेंबरात तर अवघ्या १५ अंशांवर. त्यामुळे झाडाच्या किंवा भिंतीच्या उत्तरेला सावलीचा एक कायमचा पट्टा तयार होतो. उलट, जूनमध्ये दिवस सोळा तासांहून मोठा असल्याने उघड्या जागेला मिळणारा प्रकाश आपल्या कल्पनेपेक्षा कितीतरी अधिक असतो. बागेचा नकाशा काढताना मी काकूंना प्रत्येक भागात सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ऊन कोठे पडते हे एप्रिलमध्ये एकदा आणि जूनमध्ये एकदा टिपायला सांगितले. हा नकाशा पुढच्या सगळ्या निर्णयांचा आधार ठरला.

कोणते रोप कोठे होते

रंगसंगतीने केलेल्या लागवडीचा परिणाम असा झाला होता की जवळजवळ प्रत्येक जात तिला न मानवणाऱ्या जागी पडली होती.

घराजवळच्या तापत्या, राडारोड्याच्या भागात फीयम आणि प्रॅटेन्स या दोन जाती होत्या. फीयम ही मध्य युरोपातील डोंगराळ वनांच्या कडेची जात. तिची लहान, मागे वळलेल्या पाकळ्यांची, जवळजवळ काळपट जांभळी फुले एप्रिलअखेरपासून येतात आणि तिला सावली प्रिय आहे. प्रॅटेन्स ही ओलसर कुरणांची जात, इंग्लंडच्या रस्त्यांच्या कडेलाही ती नैसर्गिकरीत्या उगवते आणि कमरेपर्यंत वाढू शकते. १९ जुलै २०२२ रोजी हॅरोपासून जवळच असलेल्या हीथ्रो येथे ४०.२ अंश तापमान नोंदवले गेले. तो जुलै इंग्लंडमध्ये १९३५ नंतरचा सर्वांत कोरडा जुलै होता. काकूंच्या त्या वेळच्या छायाचित्रांत फीयमची पाने कडेने करपलेली आणि प्रॅटेन्सची पाने भुरीने, म्हणजे पानांवर येणाऱ्या पांढऱ्या बुरशीने, माखलेली स्पष्ट दिसतात. भुरी ही ओलाव्याची नव्हे तर मुळाशी कोरड पडल्याची खूण असते, हे येथे मुद्दाम सांगायला हवे. घरची बाग करणारा माणूस भुरी दिसली की पाणी कमी करतो आणि दुखणे वाढवतो. मार्च २०२३ मध्ये या दोन्ही जातींची रोपे खुरटी असली तरी जिवंत होती.

बर्चखाली सँग्विनियम आणि रोझॅन होती. सँग्विनियम ही चुनखडीच्या खडकांची आणि समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांची रहिवासी आहे. तिची मुळे खोल जातात, तिला ऊन आणि निचरा हवा. सावलीत ती जगली होती, पण लांब, अशक्त फांद्या टाकून पसरली होती आणि दोन वर्षांत तिने मोजकीच किरमिजी फुले दिली होती.

रोझॅनची गोष्ट वेगळी आहे आणि तीच या प्रकरणात सर्वांत बोलकी आहे. हा संकर मुद्दाम केलेला नव्हता. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात डोनाल्ड आणि रोझॅन वॉटरर या दाम्पत्याच्या बागेत १९८९ मध्ये तो आपोआप उगवलेला आढळला. त्याचे दोन्ही पूर्वज हिमालयाकडचे: एक हिमालयेन्स ही जात आणि दुसरा वॉलिचियानम जातीचा बक्सटन नावाचा वाण. २००० साली तो बाजारात आला आणि २०१३ मध्ये चेल्सी पुष्पप्रदर्शनाच्या शताब्दीच्या निमित्ताने घेतलेल्या मतदानात शतकातील सर्वोत्तम वनस्पती म्हणून निवडला गेला. तो निर्बीज आहे. बी धरण्यात शक्ती खर्च होत नसल्यामुळे जूनपासून पहिल्या गोठणापर्यंत त्याची निळी फुले अखंड येत राहतात. मात्र या अखंड बहराची किंमत मातीतल्या ओलाव्याने आणि पोषणाने चुकवावी लागते. मॉन्सूनच्या पावसात फुलणाऱ्या पूर्वजांचा वारसा त्याच्यात आहे. बर्चच्या मुळांशी पाण्यासाठी झगडणे त्याला शक्य नव्हते. शिवाय हिवाळ्यात तो जमिनीवर काहीच शिल्लक ठेवत नाही. मार्चमध्ये काकूंनी तिन्ही रोपे मेल्याचे गृहीत धरले होते. मी त्यांना मे महिना उजाडेपर्यंत तेथे खुरपे लावू नका अशी विनंती केली. एप्रिलच्या अखेरीस तिन्हींपैकी दोन ठिकाणी मातीतून इवलेसे लालसर अंकुर वर आले. तिसरे खरोखरच गेले होते. ज्या गुणाने ही वनस्पती थंडी काढते, त्याच गुणामुळे ती मेलेली समजून दर वसंतात उपटून टाकली जात असणार, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तळाच्या ओल्या टोकाला मॅक्रोरायझम आणि बॅलेरिना होती. बॅलेरिना हा उंच पर्वतावरील खडकाळ जातींपासून तयार केलेला बुटका वाण. फिकट गुलाबी पाकळ्यांवर गडद रेघा, आणि उंची जेमतेम वीतभर. त्याची तिन्ही रोपे पूर्ण गेली होती. मी ती उकरून पाहिली. मुळांचा गड्डा तपकिरी, मऊ आणि कुजक्या वासाचा होता. थंडीने मेलेल्या झाडात वरचा भाग आधी जातो आणि खोलवरची मुळे बहुधा टणक राहतात. येथे कूज मुळांतून वर आली होती, म्हणजे मृत्यूचे कारण साचलेले पाणी होते. मॅक्रोरायझम ही बाल्कन प्रदेश आणि दक्षिण आल्प्समधील जात, जाड आणि जमिनीवर रांगणाऱ्या खोडांची. तिने तेथेही तग धरला होता, पण पाण्याकडच्या बाजूची खोडे कुजलेली होती आणि उंच बाजूची निरोगी. एकाच रोपाच्या दोन बाजूंमधला हा फरक सगळ्या चर्चेपेक्षा अधिक निर्णायक होता, कारण थंडी दोन्ही बाजूंना सारखीच पडली होती.

या पाहणीनंतर निदान बदलले. अठरा रोपांपैकी नक्की मेलेली चार होती. त्यांतली तीन पाण्याने आणि एक कोरडीने गेली होती. थंडीने एकही गेले नव्हते.

फेरलागवड

सगळे नव्याने विकत आणण्याऐवजी आहे त्याच रोपांची जागा बदलायची, असे आम्ही ठरवले. त्यासाठी प्रत्येक जात मूळ कोठे राहते एवढाच एक प्रश्न विचारला. रंगाचा विचार नंतर केला.

रोझॅनची दोन रोपे अंकुर दिसताच, मेच्या सुरुवातीला, हलवली. बर्चच्या छायेबाहेर, वाफ्याच्या उघड्या भागात, जेथे चिकणमाती होती पण पाणी साचत नव्हते, तेथे चांगले कुजलेले कंपोस्ट भरपूर मिसळून ती लावली आणि दोहोंमध्ये सुमारे ८० सेंटिमीटर अंतर ठेवले. एवढे अंतर पाहून काकूंना वाफा बोडका वाटला. पण हे झाड एका हंगामात चहूबाजूंनी पसरून शेजाऱ्यांवर चढते. चिकणमातीबद्दल येथे एक सांगणे आवश्यक आहे. तिच्यात नुसती वाळू मिसळल्याने ती सुधारत नाही, उलट घट्ट होते. तिला हवे असते सेंद्रिय खत, तेही दरवर्षी पृष्ठभागावर पसरलेले, म्हणजे गांडुळे ते खाली नेतात. आणि ओली असताना तिच्यावर पाय देऊ नये. द्यावाच लागला तर फळी टाकून द्यावा. निगुतीने पाळल्यास अशी माती या वनस्पतींसाठी उत्तम ठरते, कारण ती अन्नद्रव्ये धरून ठेवते.

बाकीची हलवाहलव सप्टेंबर २०२३ मध्ये केली. शरद ऋतूच्या सुरुवातीला माती अजून उबदार असते आणि पाऊस सुरू झालेला असतो, त्यामुळे हिवाळ्यापूर्वी मुळे धरतात. मॅक्रोरायझमच्या निरोगी खोडांचे तुकडे केले. या जातीची विभागणी इतकी सोपी आहे की पहिल्यांदा बाग करणाऱ्यानेही ती निर्धास्तपणे करावी: टोकाला पानांचा झुपका असलेला बोटभर लांबीचा तुकडा मोडून घ्यायचा, मुळे नसली तरी चालते, आणि पानांच्या बुडापर्यंत तो जमिनीत पुरायचा. उघडे खोड वर राहिले तर तुकडा वाळतो, एवढीच काळजी. बर्चखाली खणून मुळे तोडण्याऐवजी दोन मुळांच्या बेचक्यांत सापडेल तेथे, साधारण ४० सेंटिमीटरवर, हे तुकडे लावले आणि वर कुजलेल्या पाल्याचा पातळ थर दिला. या जातीच्या पानांना उग्र, राळेसारखा वास असतो; बल्गेरियात तिच्यापासून सुगंधी तेलही काढतात. हा वास गोगलगायींना आवडत नाही, ही लंडनच्या बागेत मोठीच सोय आहे.

फीयम बर्चच्या उत्तरेला, छायेच्या बाहेरच्या कडेला नेले, जेथे सावली आहे पण मुळांची स्पर्धा कमी आहे. प्रॅटेन्स तळाच्या ओलसर टोकाकडे, मात्र पाणी साचते त्या खळग्यापासून एक पाऊल वर लावले. सँग्विनियम घराजवळच्या राडारोड्यात गेले. चुना, ऊन, कोरडी मुळे, सगळे तिला हवे तसे. खत मुद्दामच घातले नाही. बॅलेरिनाची नवी रोपे आणून दगडी पन्हाळ्यासारख्या एका उथळ कुंडीत, निम्मी खडी आणि निम्मी माती या मिश्रणात लावली आणि ती कुंडी विटांवर उचलून छपराच्या वळचणीला ठेवली.

या सुमारास शेजारच्या एका बाईंनी ऑक्सोनियानम या संकराचा मोठा गड्डा देऊ केला होता. फुकट मिळालेले रोप नाकारणे काकूंना जिवावर आले, पण मी आग्रह धरला. ही जात सुंदर आहे, कोणत्याही मातीत वाढते, आणि नेमके म्हणूनच लहान बागेत नको. ती बी इतके पसरवते की दोन-तीन वर्षांत इतर नाजूक जाती तिच्याखाली गाडल्या जातात. जिरेनियमचे फळ चोचीसारखे लांब असते. वाळल्यावर त्याचे पापुद्रे ताणलेल्या स्प्रिंगसारखे वर उसळतात आणि बिया कित्येक पावले दूर फेकल्या जातात. मोठ्या जागेत, गवताळ उतारावर, हा गुण ठरतो. आठ मीटर रुंदीच्या बागेत तो दोष ठरतो.

पुढचे दोन हंगाम

ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२४ हा दीड वर्षाचा काळ इंग्लंडमध्ये १८३६ पासूनच्या नोंदींतला सर्वांत ओला ठरला. फेरलागवडीची कसोटी म्हणून याहून कठीण हिवाळा मिळाला नसता. तळाचा खळगा जानेवारी २०२४ मध्ये तळ्यासारखा भरला होता. प्रॅटेन्स एक पाऊल वर असल्यामुळे वाचले आणि जूनमध्ये कमरेएवढे उंच होऊन निळ्या फुलांनी भरून गेले. पन्हाळ्यातील बॅलेरिना सुखरूप राहिली. मॅक्रोरायझमचे बहुतेक सर्व तुकडे लागले, आणि ज्या जागी पूर्वी काहीच येत नव्हते तेथे मेमध्ये गुलाबी फुले आली. रोझॅनने जूनपासून नोव्हेंबरपर्यंत फुले दिली.

२०२४ च्या मेमध्ये काकूंनी तक्रार केली की काही पानांना बारीक गोल भोके पडली आहेत. पानाच्या मागे पाहिल्यावर लहान, करड्या-हिरव्या अळ्या दिसल्या; त्या करवती माशीच्या. फवारणी केली नाही. या अळ्यांनी रोपाचे नुकसान होत नाही आणि छाटणीत ती पाने जाणारच होती. मुख्य म्हणजे याच रोपांवर भुंग्यांसारख्या रानमाश्यांची दिवसभर वर्दळ होती. जिरेनियमचा आणि परागीभवनाच्या अभ्यासाचा जुना संबंध आहे: १७८७ मध्ये जर्मन शिक्षक क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल याला सिल्वॅटिकम या रानजातीच्या पाकळीच्या बुडाशी मऊ केस दिसले, आणि ते मधुरसाला पावसापासून जपण्यासाठी असावेत या विचारातून त्याने फुले आणि कीटक यांच्या नात्याचा सखोल शोध सुरू केला. १७९३ मध्ये त्याने तो ग्रंथरूपाने मांडला. काकूंच्या नातीला मी भिंगाखाली प्रॅटेन्सची पाकळी दाखवली. तेथेही तसेच बारीक केस असतात.

छाटणी हा या वनस्पतींच्या निगेचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत टाळला जाणारा भाग आहे. फीयम मेअखेरीस आणि प्रॅटेन्स जुलैच्या सुरुवातीस, फुले ओसरताच, जमिनीलगत पूर्ण कापायचे. हिरवेगार झाड असे बोडके करणे काकूंना क्रूर वाटले. पण कापल्यावर भरपूर पाणी दिले की दोन-तीन आठवड्यांत नवी, स्वच्छ पाने येतात, भुरीचा शिरकाव होण्याआधीच जुनी पाने निघून जातात, बी पडत नाही, आणि प्रॅटेन्सला कधीकधी दुसरा बहरही येतो. मॅक्रोरायझमची फक्त वाळलेली फुले काढायची, पाने ठेवायची. त्यांतली काही शरदात लालसर होतात आणि हिवाळाभर टिकतात. सँग्विनियमला कात्री लावायची गरज फारशी पडत नाही. रोझॅन जुलैमध्ये फार पसरल्यास निम्म्यावर आणता येते, पण हे न केल्याने काही बिघडत नाही.

२०२५ चा वसंत इंग्लंडमध्ये शंभराहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा होता, आणि त्यामागोमाग ब्रिटनचा नोंदींमधला सर्वांत उष्ण उन्हाळा आला. आता कसोटी उलट्या बाजूने झाली. आठवड्यातून एकदा, पण खोलवर, पाणी फक्त रोझॅनला आणि पन्हाळ्यातील बॅलेरिनाला दिले. बर्चखालच्या मॅक्रोरायझमची पाने ऑगस्टमध्ये मलूल झाली, सप्टेंबरच्या पावसाने पुन्हा उभी राहिली. राडारोड्यातील सँग्विनियमने त्या वर्षी आयुष्यातला सर्वोत्तम बहर दिला. कडक ऊन आणि भेगाळलेली माती तिच्या पथ्यावर पडली. फीयम मात्र पूर्ण समाधानकारक नाही. बर्चची मुळे तिच्यापर्यंत पोहोचली आहेत आणि एक रोप लक्षणीय लहान झाले आहे. तिला आणखी अर्धा मीटर बाहेर हलवावे लागेल.

काकूंच्या बहिणीने पुण्याहून रोझॅनची मागणी केली होती. बी मिळत नाही हे एक कारण झाले. त्याहून मोठे कारण असे की या जातींना हिवाळ्यात सुप्तावस्थेसाठी खरी थंडी लागते आणि पुण्याच्या एप्रिल-मेची उष्णता त्यांना सोसणार नाही. तेथे गच्चीवर पेलार्गोनियमच योग्य आहे, तेही मार्चनंतर दुपारच्या सावलीत. हॅरोतील लाल कुंड्यांचा प्रश्न आम्ही तितक्याच साधेपणाने सोडवला: ऑगस्टअखेर निरोगी फांद्यांचे तुकडे कोरड्या मिश्रणात लावायचे, ऑक्टोबरात स्वयंपाकघराच्या खिडकीत आणायचे, पाणी अगदी बेताने द्यायचे आणि मेअखेर पुन्हा बाहेर ठेवायचे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मॅक्रोरायझम बर्चच्या बुंध्याभोवती इतके दाटले होते की त्याचे तुकडे काढून घराच्या पुढच्या बाजूला, जेथे भिंतीच्या उत्तरेला काहीच वाढत नाही, तेथे लावले. सँग्विनियमला हात लावला नाही, कारण तिची खोल मुळे तुटलेली तिला आवडत नाहीत आणि ती आता नीट बसली आहे. प्रॅटेन्सचे दोन गड्डे फावड्याने उभे चिरून चार केले आणि तळाची ओळ पूर्ण केली. प्रत्यक्ष पाणी साचणारा खळगा तसाच ठेवला आहे. तेथे जिरेनियमची कोणतीही जात लावू नये असे मी काकूंना लेखी दिले असून, त्या जागेसाठी सायबेरियन आयरिस आणि पिवळा पाणझेंडू यांची रोपे येत्या एप्रिलमध्ये आणायची आहेत.